गोजरबाईंची गाणी

बन्सीनं आईला कापडदुकानाच्या पायरीवर टेकवलं आणि वर पाहिलं. माडीवरचा रेकॉर्डिंग स्टुडिओ काळाठिक्कर पडला होता. खिडकीतून अजून पाणी ठिबकत होतं.

वर स्टुडिओ चालवणारी अमृता राखेत हात घालून बसली होती. आदल्या दिवशी शॉर्टसर्किट झालं. गुलमंडीच्या त्या बोळात बंब शिरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कॉम्प्युटरचा गोळा झाला होता. गाण्यांची दुसरी प्रत तिनं जपून कपाटात ठेवलेली. पण कपाटही त्याच खोलीत होतं.

"ताई, माईची गाणी हायेत ना?" खालून बन्सीनं विचारलं.

अमृता जिना उतरून आली. बन्सीच्या आईनं, फर्दापूरच्या गोजरबाईंनी, जन्मभर जयंतीला भीमाची गाणी गायलेली. गळ्याला कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आधी, कोमट पाण्याचे घोट घेत, आठवेल ते सगळं त्यांनी इथंच गाऊन ठेवलं होतं. आज दवाखान्यातून सुटून, गावी जायच्या आधी, त्या ती गाणी न्यायला आल्या होत्या.

"आजी, काही नाही राहिलं," अमृता त्यांच्या पायाशी बसली. "सगळं जळालं."

गोजरबाईंच्या गळ्याला पाडलेल्या छिद्रावरचं फडकं श्वासानं हललं. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

बन्सीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "डॉक्टरला म्याच म्हनलं होतं, आवाज गेला तर जाऊ द्या, आमच्याकडं ठिवलेला हाय."

अमृताचा फोन वाजला. सम्यक. तिचा धाकटा भाऊ. दोघांनी मिळून उभा केलेला स्टुडिओ सोडून तो नोकरीसाठी नागपूरला गेला, तेव्हापासून तिनं त्याचा एकही फोन उचलला नव्हता. आज उचलला. रुसायलाही अंगात बळ उरलं नव्हतं.

"ताई, बरी हायेस ना? काल तुझ्याकडनं काहीच आलं नाही."

"काय यायचं होतं?"

"स्टुडिओतलं काम. तू जे रेकॉर्ड करतीस, त्याची नक्कल रोज आपोआप नेटवरनं माझ्याकडं येती. जायच्या आधी मीच लावून दिलं होतं. सांगणार होतो, पण तू फोनच..." तो थांबला. "काल आलं नाही, तसा जीव थाऱ्यावर नाय माझा."

अमृता उठून उभी राहिली. "गोजरबाई?" ती म्हणाली.

"फर्दापूरच्या? समदी गाणी हायेत की. लावू?"

तिनं फोनचा स्पीकर सुरू केला. बोळात आवाज उमटला. खणखणीत, वरच्या पट्टीतला, मधेच खोकून पुन्हा वर चढणारा. पलीकडचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. बन्सीनं भिंतीकडचं तोंड वळवून आईकडं पाहिलं. गोजरबाई पायरीवर ताल धरून होत्या, आणि त्यांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते.

गाणं संपलं.

"हॅलो? ताई?" सम्यकचा आवाज आला. "हायेस ना?"

त्याचे फोन तोडायच्या सवयीनं अमृताचा अंगठा फोन बंद करायला सरकला.

गोजरबाईंनी तिचं मनगट धरलं. फोन तिच्या कानाशी नेला आणि नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "बोल."