गळ्याखालची रेघ

या, असे जवळ सरका. इझा नदीच्या काठची एक गोष्ट सांगतो. आहे केसाएवढ्या रेघेची, पण मन लावून ऐका.

पाद्रीबाबांनी पोत्यातून एक कातीव दांडा काढला आणि ओनिसिम कातारीच्या लेथवर आडवा ठेवला. चेरीच्या लाकडाचा, दोन हात उंचीचा. त्याचं खालचं टोक अजून जुन्या तळपट्टीच्या तुकड्यात रुतून बसलं होतं.

"डोंगरापलीकडच्या आमच्या चर्चच्या माळ्यावर, गाणारे उभे राहतात तिथल्या कठड्यातला हा एवढाच उरला," पाद्रीबाबा म्हणाले. "छप्पर गळत होतं. बाकीचे बत्तीस कुजले, मी त्या गावात येण्याआधीच चुलीत गेले. मरियामातेच्या सणापर्यंत याच्यासारखे बत्तीस हवेत. हा मधोमध, दोन्ही बाजूंना सोळा सोळा."

ओनिसिमनं दांड्याला हात लावला नाही.

"हा थेओफिल मेस्त्रीचा," तो म्हणाला.

"ओळखलास?"

"तो कठडा झाला तेव्हा मी त्याच्याकडे शिकत होतो. एकोणीस वर्षांचा. माझा पहिला दांडा मेस्त्रीनं हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, 'हा या रांगेतला नाही.' ठेवला चुलीशेजारच्या जळणावर! आठवडाभर राबून केलेला, बाबा. मी पटाशी तिथंच टाकली आणि डोंगर ओलांडून इकडे आलो. मेस्त्री गेला तेव्हा निरोप आला होता. फार बर्फ आहे, येणं जमणार नाही, असं कळवलं मी."

"होता का?"

"टाच बुडेल एवढा."

पाद्रीबाबांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली. मग म्हणाले, "सणाला यादी वाचतो मी, ठाऊक आहे ना? ज्यांचे हात चर्चला लागले त्या सगळ्यांची, जिवंत आणि गेलेले. तुझं नाव घालतो."

"मेस्त्रीचं घाला. माझे बत्तीस त्याच्या एकाशेजारी शोभले, तरच माझं. नाहीतर नको."

पाद्रीबाबा गेल्यावर ओनिसिमनं हात पुसले, दांडा उचलला, आणि त्याचा अंगठा दांड्याच्या वरच्या निमुळत्या गळ्याखाली अडकला.

तिथं एक रेघ होती. बारीक, तिरकी. दांड्याभोवती फिरून येत होती, पण तिची दोन टोकं एकमेकांना भेटत नव्हती.

"ही कशाला मारली असेल?" त्यानं बायकोला विचारलं.

व्हिओरिका मक्याचा घाटा ढवळत होती. तिनं लांबूनच पाहिलं. "हात घसरला असेल."

"मेस्त्रीचा हात? अगं, तुझी जीभ घसरेल, त्याचा हात नाही घसरायचा!"

"मग विचार जाऊन त्यालाच. आता बर्फ नाहीये."

 पाद्रीबाबा पुन्हा आले तेव्हा ओनिसिमनं त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "ही जिवाची वाट. फिरते, पण वर चढते." ते ओनिसिमला पटलं. मेस्त्री असाच होता. उगीच सालपटसुद्धा काढायचा नाही.

त्यानं पट्टीवर मापाच्या खाचा पाडल्या आणि पायानं लेथ फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक दांडा तो मेस्त्रीच्या दांड्याशीच ताडून बघायचा, आदल्या दिवशी केलेल्याशी कधीच नाही. नकलेची नक्कल केली की चूक चुकीला जन्म देते, हे मेस्त्रीचंच शिकवणं. आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकावर तो आपली खूण कोरायचा: पाकोळी पक्ष्याच्या पावलासारख्या तीन रेघा. पहिल्या दांड्यापासून त्याची खूण हीच. तीही मेस्त्रीचीच शिस्त. खूण कोरायची ती तळपट्टीच्या भोकात लपेल अशी; माणसांनी वाचू नये, देवानं वाचावी.

रेघेची त्याला सगळ्यात धास्ती होती. मुद्दाम तिरकं मारणं सरळ मारण्याहून कठीण. पण नवल असं, की तिसऱ्या दांड्यापासून ती आपोआप उमटू लागली. पटाशी गळ्यापाशी आली की मनगट जरासं वळायचं, बस्स.

"मेस्त्री पाठीमागे उभा राहून माझा हात धरतोय," तो व्हिओरिकाला म्हणाला. 

सणाच्या दोन दिवस आधी बत्तीसही दांडे घेऊन ओनिसिम बैलगाडीतून डोंगरापलीकडे चर्चला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डावीकडचे सोळा बसले, उजवीकडचे सोळा बसले. मधली जागा तेवढी मोकळी.

पारास्का आजी काठी टेकत माळा चढून आली. साठ वर्षं तिथं गायलेली बाई, आता डोळ्यांनी अधू. तिनं एकेक दांडा चाचपला आणि मग जुना मांडीवर घेतला.

"हाच तो! थेओफिल मरेपर्यंत याच्याच मागे उभा राहिला. अंगठा या रेघेवर. स्तोत्राचा सूर चढला की अंगठा रेघेवरून वर सरकायचा. कुणी जागा घेतली तर असा चिडायचा, जसं काही मी त्याची टोपीच पळवली!"

"रेघ कशाची, ते सांगितलं का कधी?" ओनिसिमनं विचारलं.

"मी विचारलं होतं ना. इथं काय धरून बसलास रे म्हातारड्या? तर म्हणाला, 'एकाची वाट बघतोय.' आम्हांला वाटलं, देवदूताची."

पाद्रीबाबा हसले. "चला, ओनिसिम. नवे त्याच्या रांगेत शोभतायत. यादीत नाव घालू ना?"

"हा बसू दे आधी."

मेस्त्रीचा दांडा नव्या भोकात बसवायचा, तर खालचा जुना तुकडा काढणं भाग होतं. ओनिसिमनं पटाशी टेकवली आणि हलकेच ठोकली. तुकडा दुभंगला. चाळीस वर्षं अंधारात राहिलेलं टोक उजेडात आलं, आत्ताच कातल्यासारखं तांबूस.

त्यावर एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातानं घाईघाईनं कोरलेलं पाकोळीचं पाऊल होतं.

मंडळी, सणाला मेणबत्ती लावाल तेव्हा थेओफिल मेस्त्रीची आठवण ठेवा; आणि ओनिसिमचं नाव त्याच दमात घ्या.