चारशे नळ्या

तिसरी नळीही गळली.

तपासणीच्या टेबलावरच्या काकींनी दाब उतरवला, जोडापाशी आलेला तेलाचा थेंब बोटावर घेतला आणि ते बोट गुणवत्ता व्यवस्थापकासमोर धरलं. दहा नळ्या तपासल्या, त्यांतल्या तीन गेल्या. बसच्या ब्रेकच्या नळ्या. साडेनऊ वाजत आले होते. चारशे नळ्यांचा लॉट पेट्यांत भरून दाराशी तयार होता, आणि कंपनीच्या गुणवत्ता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी ऑडिटर बाई दहाला पोचणार होत्या.

व्यवस्थापक पस्तिशीचा, मऊ बोलणारा माणूस. मालकांचा सख्खा मेहुणा. कामगार पाठीमागे त्याला ‘होयबा’ म्हणायचे, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. सात वर्षांत त्याने भाऊजींचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

मालक केबिनमध्ये आरशासमोर टायची गाठ बसवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते. आज नळ्या पोचल्या नाहीत तर उद्या त्यांचं बसजोडणीचं काम बंद पडणार होतं. इतका दाब रस्त्यावर येतो तरी कुठे, असं मालकांचं म्हणणं. नापासाची लाल चिठ्ठी काढून टाका, पेट्या मागच्या गोदामात सरकवा, नोंद करू नका, बाकीचं नंतर बघू.

“भाऊजी, जोड दाबायच्या यंत्रातच घोळ आहे,” मेहुणा म्हणाला. “म्हणजे सगळाच लॉट...”

“काल तुझ्या ताईला म्हटलं, तुझा भाऊ आता तयार झालाय.” मालक आरशातूनच त्याच्याकडे बघत होते. “मला खोटं पाडू नकोस.”

“बरं,” तो म्हणाला.

खाली येऊन त्याने पेट्या मागे हलवल्या. काकींना नोंद थांबवायला सांगितलं तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती. काकी वीस वर्षं त्या टेबलाशी बसत होत्या. आपण होऊन काही बोलणार नाही, पण कुणी विचारलंच तर खोटं सांगायला जमायचं नाही, एवढं त्यांनी स्पष्ट केलं. त्याने वाद घातला नाही.

ऑडिटर बाई बुटक्या, चष्मा साखळीला अडकवलेला. फायली त्यांनी तासाभरात संपवल्या. फायलींत खोट काढायला जागाच नव्हती. मेहुण्याचं अक्षर सुरेख होतं. मग त्या उठल्या आणि थेट तपासणीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे मालक, त्यांच्या मागे मेहुणा.

त्यांनी काकींना यंत्राबद्दल विचारलं, तेलाबद्दल विचारलं, दाब दाखवणाऱ्या घड्याळाची तपासणी कधी झाली ते विचारलं. काकींनी नीट उत्तरं दिली. बाई निघाल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

“आज काही नापास झालं?”

काकींनी मालकांकडे पाहिलं नाही. मेहुण्याकडेही नाही.

“झालं. दहात तीन. लॉट मागच्या गोदामात ठेवलाय.”

मेहुण्याचा शर्ट पाठीला चिकटला. नापास माल लपवला असं ठरलं तर प्रमाणपत्र गेलंच. ते गेलं की मोठ्या गिऱ्हाइकांची दारं बंद, आणि साठ माणसं घरी. बाई चष्मा पुसत मालकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मालक हसले.

“वापरात जाऊ नये म्हणूनच मागे ठेवलाय,” ते म्हणाले. “आमच्याकडे काकी नापास म्हणाल्या की मीसुद्धा मध्ये पडत नाही.”

त्यांनी मेहुण्याकडून लॉट भंगारात काढायचा फॉर्म मागवला, सगळ्यांदेखत टेबलावर ठेवून त्यावर ‘चारशेच्या चारशे’ असं लिहिलं आणि ठसठशीत सही केली. काकींनी पदराने डोळे टिपले. बाजूच्या यंत्रावरचे दोघे काम थांबवून बघत होते. मेहुण्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मालक बाईंना घेऊन वर समारोपाच्या बैठकीला गेले. मेहुणा तिथे पाऊण तासाने पोचला, तेव्हा त्याच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. सहीचा कागद मार्गी लावत होतो, असं म्हणून त्याने माफी मागितली. मालकांनी मान डोलावली आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवलं.

बाई एरवी कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण कपाटभर फायली असलेल्या कितीतरी कंपन्या आपण पाहिल्या, असं त्या म्हणाल्या. तिथे मालकासमोर खरं बोलायची कुणाची छाती होत नाही. इथे झाली, आणि मालकाने ते मानलं. गुणवत्ता टिकते ती एवढ्यावरच. तसंच त्यांनी अहवालात लिहिलं. प्रमाणपत्र पुढच्या तीन वर्षांसाठी कायम झालं.

चार वाजता त्यांची मोटार फाटकाबाहेर पडली. ती वळणाआड जाईपर्यंत मालक हात हलवत उभे होते. मग त्यांनी टाय सैल केला आणि मेहुण्याच्या खांद्यावर थाप मारली.

“चल, गाडी भर. चारशेच्या चारशे आजच जाऊ देत.”

“आणि सही केलेला कागद?”

“कागद फायलीत राहील, नळ्या गाडीत जातील. लॉटला नवा नंबर टाक, झालं.”

मेहुण्याने पहिल्यांदाच भाऊजींच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“गाडीत भरायला काही उरलेलं नाही, भाऊजी,” तो म्हणाला. “बैठकीला मला उशीर झाला, तेवढ्या वेळात मी चारशेच्या चारशे कापून आलो.”