पाडलेलं विमान

पहिलं क्षेपणास्त्र विमानाच्या आसपासही फिरकलं नाही, थेट समुद्रात गेलं.

"जरा हळू, सरळ उडवा की," क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या साहेबांनी फोनवर सांगितलं.

"शत्रूलाही असाच निरोप धाडणार का?" निवृत्त वैमानिक खर्डेकर म्हणाले, पण त्यांनी वेग कमी केला.

युद्धात पंखांची चाळण झालेलं हेच विमान त्यांनी सुखरूप परत आणलं होतं. आता मंत्र्यांसमोर पाडून दाखवायला म्हणून त्यातली खुर्ची उपटून रेडिओयंत्र बसवलं होतं, आणि जमिनीवरच्या खोलीतून ते उडवायचं कामही खर्डेकरांच्याच गळ्यात मारलं होतं.

दुसरं क्षेपणास्त्र विमानाच्या केसालाही धक्का न लावता ढगात फुटलं. धूर दिसताच मंत्र्यांसाठी घातलेल्या मांडवात टाळ्या पडल्या, लाउडस्पीकरवर विमान पाडल्याची घोषणा झाली, पेढे फिरले.

"साहेब, पाडलेलं विमान आता उतरवू कुठे?" खर्डेकरांनी फोनवर विचारलं.

"लांब नेऊन समुद्रात बुडवा. गुपचूप."

खर्डेकरांनी फोन ठेवला, चाकं सोडली आणि मांडवासमोरच्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवलं. साहेबांनी भरवलेला पेढा मंत्र्यांच्या तोंडात तसाच राहिला.