दहावी जोडी

थर्मामीटरवर एकशे एक ताप. कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल. एकाच पायातली हरवलेली चप्पल. उन्हाळी शिबिरातल्या ताईची सकाळ अशा तुकड्यांतच संपायची.

दुपारी मुलांचा पोहण्याच्या तलावात खेळायचा तास असे. नियम एकच: शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. दहा जोड्या दिसल्या की ताईचा जीव भांड्यात पडायचा.

"ताई, तुमची जोडी कुणाशी?" एका आगाऊ पोराने विचारलं.

"या शिट्टीशी," ताई म्हणाली आणि तिने ती वाजवली.

दहा जोड्या वर आल्या. ताई हसली, आणि ते हसू तिच्या ओठांवरच थिजलं. आज नऊच जोड्या हव्या होत्या. टिकलीची जोडीदार, म्हणजे तिची मावसबहीण, तापाने खोलीत झोपली होती, म्हणून टिकलीला काठावर बसवलं होतं.

टिकली पलीकडच्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. तिच्या हातात एक हात होता, पांढराफटक, कोपरापर्यंत पाण्याबाहेर आलेला. त्याच्या खाली तळाच्या फरश्या स्वच्छ दिसत होत्या. फक्त फरश्याच.

"टिकले, सोड तो हात," ताई कशीबशी म्हणाली. "हळूच इकडे ये."

"मी केव्हाच सोडलाय, ताई." टिकलीचा आवाज रडवेला झाला. "तो सोडत नाहीये."

त्या सकाळी ताईनेच काठी बुडवून पाणी मोजलं होतं. सगळीकडे ते टिकलीच्या गुडघ्याएवढंच होतं.