दोन पानांची सावली

तीन चोची उघड्या, आणि तिन्ही फोकसमध्ये. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा सासऱ्यांपुढे धरला.

"बघा बाबा. घशातली लाली फोटोत कशी उतरलीय."

सासरे दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कॅमेरा नाकाशी नेला. एक फोटो पाहिला, मग आधीचा, मग त्याच्याही आधीचा.

"ही तोंडं मिटतच नाहीत का?"

"भुकेली आहेत. आईकडे मागतायत."

"आई आहे कुठे पण? एकाही फोटोत नाही." त्यांनी कॅमेरा परत दिला. "मागत असती तर माना वर करून ओरडली असती. ही माना टाकून धापा टाकतायत, सूनबाई. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघतेस, आणि एवढं कळलं नाही?"

बाई कॅमेऱ्यासकट मागच्या खोलीत धावल्या. खिडकीच्या गजांवर चढलेल्या वेलीत, हाताच्या अंतरावर बुलबुलाचं घरटं होतं. त्याच्यावर झुकलेली दोन पानं फोटोच्या आड येत होती, म्हणून सकाळी त्यांनी ती डहाळी बाजूला वाकवून कपड्यांच्या चिमट्याने गजाला अडकवली होती. तेव्हा इकडे ऊन नव्हतं; मघाशी फोटो काढताना होतं, पण त्यांचं लक्ष चोचींवरच होतं. आता बाराचं ऊन सरळ घरट्यात उतरलं होतं. पंख न फुटलेली तीन पिल्लं, सगळी मिळून मूठभर. एकमेकांपासून जेवढं लांब सरकता येईल तेवढं सरकलेली.

त्यांनी चिमटा काढला. डहाळी जागची हलली नाही. वाकवली होती तिथेच ती मोडली होती, आणि दोन्ही पानं मरगळून लोंबत होती.

बाईंनी गजांतून हात घातला आणि तळवा घरट्यावर धरला. तळव्याएवढी सावली पडली. एक चोच मिटली.

समोर विजेच्या तारेवर आई बसली होती. चोचीत अळी होती, वळवळणारी. ती या टोकाची त्या टोकाला जायची, पुन्हा यायची, पण खाली उतरत नव्हती. बाईंनी हात मागे घेतला. ऊन पुन्हा पिल्लांवर आलं. हात ठेवला तर आई येईना, काढला तर पिल्लं भाजायची.

"आत पेशंटच्या खुर्चीवर आजी बसल्यात," दारातून सासरे म्हणाले. "भुलीचं इंजेक्शन देऊन पंधरा मिनिटं झाली. उतरेल की."

"बाबा, टाक्यांचा काळा दोरा आणा. आणि इथे हात धरा."

सासऱ्यांनी दोरा आणला आणि गजांतून आपला हात घरट्यावर धरला. बाईंनी वेलीचा वरचा एक जिवंत शेंडा हळूहळू खाली ओढला, त्याची पानं घरट्यावर आणली आणि दोऱ्याने गजाला बांधायला घेतला. रोज हिरड्यांना टाके घालणारी बोटं, पण पहिली गाठ निसटली. दुसरीही निसटली.

"सावकाश. हात अवघडला तर मी सांगेन."

तिसरी गाठ बसली. सासऱ्यांनी हात काढून घेतला. घरट्यावर पानांची सावली राहिली. अपुरी होती, पण होती.

बाईंनी तारेकडे पाहिलं. आई तिथेच होती. चोच रिकामी होती.

"अळी तिनेच गिळली," बाई म्हणाल्या. "बाबा, येईल ना हो ती?"

"सावली करणं आपल्याकडे होतं, ते झालं. यायचं ते तिच्याकडे. आपण इथून हललं पाहिजे."

"निदान कॅमेरा लावून ठेवते. आली की नाही ते कळेल तरी." बाईंनी कॅमेरा उचलून खिडकीपुढच्या स्टँडवर चढवला.

सासऱ्यांनी स्टँडवरच्या त्या लांबलचक काळ्या लेन्सकडे पाहिलं. "तिला तो डोळाच वाटत असेल. केवढा मोठा."

बाईंनी कॅमेरा स्टँडवरून उतरवला, खिडकी आवाज न करता लोटली आणि हात धुवायला गेल्या.

आजींचा गाल अजून बधिर होता. बाईंनी पायाने दात कोरायचं मशीन सुरू केलं. दोन-चार सेकंदांत पाय उचलला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उचलला. चौथ्या वेळी आजींनी एक डोळा उघडला आणि अर्ध्याच ओठांनी विचारलं, "माझं काही बिघडलं का हो बाई?"

"नाही आजी. तुमचं सगळं ठीक आहे. फक्त दोन मिनिटं बोलू नका."

मागून आवाज आला. बुलबुलाचाच होता. पण तारेवरून आला की वेलीतून, ते डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत कळेना. बाईंनी मान वळवली.

दाराशी उभ्या सासऱ्यांनी काही न विचारता पंखा बंद केला.