इंदूबाईची हरकत

"शेजारचा एक पंच लागेल सहीला," साहेब म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत इंदूबाई मधली भिंत ओलांडून हजर झाली.

साहेब म्हणजे नगरपरिषदेचे कर निरीक्षक. रागिणीनं घरपट्टीवर हरकत घेतली होती, तिच्या पाहणीला टेप आणि यादी घेऊन आले होते. यादीत रागिणीची पुढची खोली 'दुकान' म्हणून लागली होती. मोजणीवाले आले त्या दिवशी तिथं झेंडूचा ढीग पडलेला होता, तेवढं त्यांना पुरलं. दुकानाचा दर घराच्या दुपटीवर. रागिणी गप्प बसली नाही. नोटिशीतली मुदत पाहिली, अर्ज लिहिला, घरगुती मीटरचं विजेचं बिल जोडलं आणि पोच घेऊन आली.

हे तिला सुचलं कसं, इथूनच इंदूबाईच्या पोटात दुखायला लागलं होतं. दोघी सख्ख्या जावा, दोघीही फुलं विकणाऱ्या. एकाच जागेचे दोन वाटे, मधे कमरेएवढी भिंत. रागिणी धाकटी. तिची शेवंती बाजारात आधी खपते, तिची पोरगी अमरावतीला शिकते, आणि आता तिची घरपट्टीही कमी होणार! इंदूबाई ठरवूनच आली होती. दुकान आहे म्हणायचं, सही ठोकायची, घरी जायचं.

तिचा नवरा किसनराव सकाळपासून बजावत होता, "तिकडं जाऊ नको वं. आपलं घर यादीत टिनाचं हाये. आखाजीच्या सणाले स्लॅब टाकला हे त्या साहेबाले समजलं त आपली पट्टी वाढन." आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं म्हणतात. इंदूबाईला ही म्हण अर्धीच येत होती.

"काय बाई, या खोलीत दुकान चालतं का?" साहेबांनी विचारलं.

नुसती मान हलवायची होती. पण साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि वर म्हणाले, "जागा मात्र झकास आहे. रस्त्याला लागून. दुकान चालत असेल तर चांगलंच चालत असेल."

झकास? रागिणीचं? इंदूबाईला राहवलं नाही.

"दुकान? याले दुकान म्हनता जी तुमी? हे इथं बसून गजरे ओवते अन् टोपलं डोक्शावर घेऊन बाजारात इकाले जाते. गिऱ्हाईक नाई, गल्ला नाई, काटा नाई. कुत्रं नाई फिरकत इथं! म्हने दुकान!"

"म्हणजे इथं विक्री होत नाही?"

"कायची विक्री? मी बारा वर्सं पाहून राहिली."

साहेबांनी लिहिलं. विक्री नाही, निवासी वापर. घराची लांबी टेपनं एकदा ताडून घेतली, आकडा मांडला आणि कागद पुढं केला. इंदूबाईनं झोकात सही केली. सही संपता संपता तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

"तुमच्यामुळं झालं बाप्पा, जाऊबाई," रागिणी मनापासून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. इंदूबाईला ते भरलेले डोळेही बघवेनात.

साहेब निघाले. निघताना भिंतीपलीकडं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी यादीचं पान उलटलं.

"हे तुमचं घर ना, बाई? यादीत टिनाचं आहे."

इंदूबाई लगबगीनं भिंतीपुढं आडवी उभी राहिली. तेवढ्यात रागिणी पुढं झाली. जावेनं आपलं काम केलं, आता आपली पाळी, एवढंच तिच्या मनात होतं.

"टिनाचंच हाये साहेब. खालून नीट दिसत नाई, पन टिनाचंच हाये. आमी काय रोज नाई पाहात?"

नळावर चार बाया भांडी लावून उभ्या होत्या. चौघींनी माना वळवल्या. इंदूबाईच्या कानात एकच शब्द शिरला, टिन. तोही रागिणीच्या तोंडून.

"टिनाचं कोनाचं वं?" ती कडाडली. "टिन असन तुह्या बापाच्या घरावर! या साहेब, या इकडून. शिडी लावून देतो, वर चढून पाहा. स्लॅब हाये, स्लॅब!"

"जाऊबाई, मी त तुमच्यासाठीच..." रागिणी पुटपुटली.

"बाई, कर वाढेल," साहेबही म्हणाले. माणूस बरा होता. "आज मी यांच्या अर्जासाठी आलोय. तुमचं नंतर पाहता येईल."

"नंतर काहून? आताच लिवा."

किसनराव दारात आले, त्यांनी बायकोकडं एकदा पाहिलं आणि तसेच आत वळले.

साहेबांचा नाइलाज झाला. टेपचा डबा त्यांनी तिच्या घराच्या समोरच्या कोपऱ्याशी धरला. दुसऱ्या टोकाला इंदूबाईनं कोणाला हात लावू दिला नाही, ते स्वतः घेऊन मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि भिंतीला टेकवून उभी राहिली.

"अठ्ठावीस फूट," साहेबांनी वाचलं.

"तिचं किती भरलं?"

"एकोणतीस."

भिंतीपलीकडं रागिणी उभीच होती. इंदूबाईनं तिच्याकडं पाहिलं, टेप घट्ट धरला आणि दोन पावलं मागं सरकली. घराची भिंत संपली, मागचं अंगण लागलं.

"आता पाहा," ती म्हणाली.