पडद्यावरचे हे

१९९६ साली माझा भाऊ मुकुंद व्हिडिओ आटोपशीर करणारं यंत्र घेऊन आला. "ताई, चित्रातला कुठला तुकडा कुठे सरकेल ते यंत्र ओळखतं. पूर्ण चित्र पुन्हा साठवावं लागत नाही." कमी हलणारं माणूस हवं, म्हणून त्यानं कॅमेरा ह्यांच्यावर लावला.

हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "अगं, चहा टाक." एकदा तरी ह्यांच्या हातचा चहा मिळावा, एवढीच माझी लग्नापासूनची हौस.

तेवढ्यात पडद्यावरचे हे उठून स्वयंपाकघरात गेले. खुर्चीतले तसेच बसलेले.

"अंदाज चुकला, पुसतो," मुकुंद म्हणाला.

"हात लावशील तर बघ!" मी ओरडले.

मुकुंद पुढे बंगलोरला स्थायिक झाला. यंत्र माझ्याकडेच राहिलं. हे त्याच खुर्चीत वारले. परवा पडद्यावरच्यांनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

"अगं, तुला साखर किती लागते?"